आईची चप्पल, बी-१२ आणि जीवनसत्त्वांची बाराखडी

घंटाळीकर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आई ७१ वर्षांची. रोज सकाळी कचराळी तलावाला चार फेऱ्या मारते, पाऊस असला तर दोन. गेल्या महिन्यात एकदा मी सोबत होतो. तिसऱ्या फेरीत मागून एक काकू हाका मारत आल्या, "अहो, तुमची चप्पल!" बघतो तर आईची डावी चप्पल वीसेक पावलं मागे पडलेली आणि ही एका पायात चप्पल घालून खुशाल चालतेय. तिला पत्ताच नाही. मी खाली बघितलं, तळव्याला बारीक वाळू चिकटली होती. विचारलं, "टोचत नाही?" म्हणाली, "काय टोचायचंय?"

पायाला मुंग्या येतात असं ती दीडेक वर्ष म्हणत होती. आम्ही कधी वयावर ढकललं, कधी शुगरवर. आता रक्त तपासलं: बी-१२ आलं १२८ (खाली छापलंय की २०० च्या आत म्हणजे कमी), ड आलं १४. हिमोग्लोबिन मात्र ११.४, म्हणजे फार वाईट नाही.

उपचार सुरू झालेत, त्यामुळे "काय देऊ" हे विचारत नाहीये. मला समजून घ्यायचंय. आई सहा-सात वर्षं "रक्त वाढायची" गोळी घेतेय, लोह आणि फॉलिक ॲसिडची. मग कमी पडलं कसं? आणि दुसरं, जरा बावळट वाटेल. शाळेत अ, ब, क, ड, ई, के पाठ केलं होतं. हे बी-१२ असेल तर आधीचे अकरा कुठे गेले?

बांगडा_फ्राय | सोमवार, रात्री १०:५८

बारा डब्यांची फास्ट आहे ती. मधले काही डबे कारशेडला काढलेत.

विनोद सोडा, आईंची काळजी घ्या. धागा वाखुसा (वाचनखूण साठवली).

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ११:३५

बांगडाशेठ, तुम्ही गंमत केलीत पण डबे खरंच कारशेडला काढलेत. ३४ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं लांबण लागेल. सवय.

गोष्ट कोंबड्यांपासून सुरू होते. जावा बेटावर डच सरकारच्या लष्करी दवाखान्यात आइकमन नावाचा डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. या आजारात पायातलं बळ जातं, बधिरपणा येतो, पुढे हृदयावर येतं. त्याने पाळलेल्या कोंबड्यांचेही पाय लटपटायला लागले. त्याला वाटलं, सापडला जंतू! आणि काही महिन्यांनी कोंबड्या आपल्याआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात त्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालत होते. नवा आचारी आला, तो म्हणाला लष्कराचा भात कोंबड्यांना कशापायी? त्याने बंद केला, कोंबड्या परत कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि तुरुतुरु चालायला लागल्या.

आइकमनला १९२९ चं नोबेल मिळालं. जंतू काही मिळाला नाही, कारण तो नव्हताच. काहीतरी *असल्यामुळे* नव्हे, तर *नसल्यामुळे* माणूस आजारी पडतो, ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या गळी उतरेना.

१९१२ मध्ये काझिमिर फुंक या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने त्या "काहीतरी"ला नाव दिलं: व्हायटल अमाइन, म्हणून व्हिटामिन. पुढे कळलं की यातली बरीच अमाइन नाहीतच. मग इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटचं ई १९२० मध्ये छाटून टाकलं, चूक झाकायला. आपल्या "जीवनसत्त्व" शब्दात ही भानगड नाही. तो मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो.

आता डबे. "ब" आधी एकच समजले होते. फोडत गेले तसतसे त्यातून नवनवे पदार्थ निघाले, त्यांना क्रमांक लागले. नंतर लक्षात आलं की काही क्रमांकांचे पदार्थ वेगळं जीवनसत्त्व म्हणण्याजोगे नाहीत, त्यातले काही तर शरीर स्वतःच बनवतं. ४, ८, १०, ११ बाद झाले. उरले आठ: १ थायमिन (कोंबड्यांना कमी पडलेलं ते हेच), २ रायबोफ्लेविन, ३ नायसिन, ५ पँटोथेनिक आम्ल, ६ पायरिडॉक्सिन, ७ बायोटिन, ९ फोलेट, १२ कोबालामिन. त्यात अ, क, ड, ई, के मिळवले की तेरा. चौदावं नाही. कुणी विकायला आलं तर दार लावून घ्या.

शेपूची_भाजी | मंगळवार, सकाळी ७:१०

मास्तर, दंडवत. कोंबड्यांची गोष्ट डबे भरता भरता वाचली, पोळी करपली.

नेरूळची_सून | मंगळवार, सकाळी ११:२०

घंटाळीकर, तुमच्या "अ ब क ड ई के" वरून आमच्या घरचा किस्सा सांगते. आता हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता.

सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदललीय. रक्त पातळ राहायला वॉरफरिन चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलं, "व्हिटामिन के वर लक्ष ठेवा, पालेभाज्या एकदम वाढवू नका." अण्णा शिस्तीचे. घरी येऊन फ्रिजवर कागद चिकटवला, झोकदार अक्षरात: "क जीवनसत्त्व वर्ज्य". त्या दिवसापासून लिंबू बंद, आवळा बंद, पेरू बंद. आणि तोंडाला चव नाही म्हणून पालक-मेथी रोज!

पुढच्या तपासणीला आयएनआर पार घसरलेला, म्हणजे रक्त हवं तेवढं पातळ राहत नव्हतं. गोळी चुकवता का, म्हणून डॉक्टर अण्णांवरच घसरले. अण्णांना राग अनावर, गोळ्यांचं पाकीट टेबलावर आपटलं, "मोजा!" शेवटी मी फ्रिजवरच्या कागदाचा फोटो दाखवला. डॉक्टर आधी हसले आणि मग गप्प झाले.

आपल्या शाळेतला "क" म्हणजे इंग्रजी सी. आणि इंग्रजी के म्हणजे आपला "के". एका मात्रेचा खेळ.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२:०५

वा सूनबाई! हा किस्सा मी वर्गात सांगितला असता.

"के" हे अक्षर क्रमाने आलेलंच नाही. डॅनिश संशोधक हेन्रिक डाम यांनी ते रक्त गोठण्याच्या, कोआग्युलेशनच्या, तिकडच्या स्पेलिंगवरून घेतलं, तिथे ते के ने सुरू होतं. यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिनं बनवतं, ती "के" शिवाय कामाला लागत नाहीत. वॉरफरिन नेमकी तीच वाट अडवतं. म्हणून पालेभाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. नवजात बाळाला जन्मल्या जन्मल्या मांडीत टोचतात तेही हेच, कारण आईकडून बाळाला ते फार थोडं मिळतं.

"क" चं काम अगदी वेगळं. हिरड्या, त्वचा, रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवणारं कोलॅजन त्याच्याशिवाय नीट विणलं जात नाही. ते नसलं की स्कर्व्ही: हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा उकलतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सहा दिवसांत उठून बसली. ॲस्कॉर्बिक या नावाचा अर्थच "स्कर्व्ही-विरोधी".

शेपूची_भाजी | मंगळवार, दुपारी १:३०

जांभळी नाक्यावर आता आवळे दिसायला लागलेत, आणि पेरू तर काय बाराही महिने. सगळे मोसंबीच्या मागे धावतात, पण पेरूत क त्याच्या कितीतरी पट असतं. डाळीवर लिंबू ताट वाढल्यावरच पिळायचं, उकळत्या आमटीत पिळलं तर नुसता आंबटपणा उरतो. आणि ते लिंबू डाळ-भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा मारला की उलटं. आमच्या ह्यांना हे पटत नाही, पण असो.

नळी_आणि_सुई | मंगळवार, रात्री ९:१५

वाशीला एका लॅबमध्ये काम करते, रोज दोनेकशे नळ्या हातून जातात. धाग्याचा पहिला प्रश्न कुणी घेतलाच नाही, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

रक्तपेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी डीएनएची नक्कल लागते. त्या कामाला फोलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड त्याचंच रूप) आणि बी-१२ जोडीने असतात. दोघांतलं कुणीही कमी पडलं की पेशी विभागत नाही, नुसती फुगते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही नावाचा आकडा असतो ना, लाल पेशींच्या सरासरी आकाराचा, तो त्याने वाढतो.

आता गोम इथे आहे. बाहेरून फॉलिक भरपूर मिळत राहिलं तर बी-१२ कमी असूनही रक्ताचं काम बऱ्यापैकी निभावून जातं. हिमोग्लोबिन बरं दिसतं, एमसीव्हीही फार हलत नाही. कुणाला शंका येत नाही. पण बी-१२ चं दुसरं काम नसांवर असतं. नसांभोवती मायलिनचं वेष्टण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, ते राखायला बी-१२ च लागतं. तिथे फॉलिकचा काही उपयोग नाही. म्हणजे रिपोर्ट गोड आणि पाय बधिर.

घंटाळीकर, आईंना शुगरसाठी मेटफॉर्मिन आहे का? आणि ॲसिडिटीची गोळी?

घंटाळीकर | मंगळवार, रात्री ९:४०

दोन्ही. मेटफॉर्मिन ११ वर्षं. ॲसिडिटीची तर सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी. किती वर्षं तेही आठवत नाही. आणि आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दूध चहापुरतं.

नळी_आणि_सुई | मंगळवार, रात्री १०:०५

झालं तर मग.

अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी तेच कमी करते. सुटलेलं बी-१२ जठरातून येणाऱ्या एका खास प्रथिनाचा हात धरून लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला जातं आणि तिथे शोषलं जातं. मेटफॉर्मिनने त्या शेवटच्या टप्प्यात अडथळा येतो. मुळात आवकही थोडी. झाडं बी-१२ बनवत नाहीत, ते जंतूच बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, गरज दिवसाला दोन-अडीच. यकृतात साठा असतो म्हणून काही वर्षं कळत नाही. संपला की चप्पल निघते.

म्हणून आता लगेच गोळ्या बंद करू नका हं, दोन्ही. डॉक्टरांना नुसतं एवढं सांगा की ही इतक्या वर्षांपासून चालू आहेत. आमच्याकडे फॉर्मवर "चालू औषधे" असा रकाना असतो. दहातले नऊ जण तिथे रेघ मारतात.

बांगडा_फ्राय | मंगळवार, रात्री १०:२०

म्हणजे श्रावण सोडला तर आम्ही सुरक्षित.

नळी_आणि_सुई | मंगळवार, रात्री १०:२६

आवक बरी आहे एवढंच. शोषणच होत नसेल तर बांगडाही कामाचा नाही. मासे खाणाऱ्यांचे रिपोर्टही १५० चे बघते.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६:५०

ताईंनी सांगितलेल्या गुंत्याचा एक धागा आपल्या परळला जातो. झोप लागेना, म्हणून पहाटेच लिहायला बसलो.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग (रक्तक्षय) होत होता, रक्तपेशी फुगलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हुबेहूब तो दुसरा जीवघेणा पंडुरोग, ज्याचं कारण पुढे बी-१२ ठरलं. त्यावर तेव्हा यकृताचा अर्क देत. विल्सबाईंनी हाफकिन संस्थेत माकडांवर आणि रुग्णालयात बायकांवर काम केलं. यकृताचा कच्चा अर्क दिला की या बायका सुधारत, पण शुद्ध केलेल्या अर्काने काहीच होत नसे, आणि त्या दुसऱ्या पंडुरोगात तर तोच शुद्ध अर्क चालत होता. म्हणजे दिसायला एक, पण आजार दोन.

मग त्यांनी स्वस्तातला उपाय शोधला: मार्माइट. बिअर बनवून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट लगदा, गोरे लोक पावाला लावून खातात. त्याने बायका उठल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अनाम पदार्थाला बरीच वर्षं "विल्स फॅक्टर" म्हणत. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला, आणि पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, म्हणून फॉलिक. तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचे म्होरके आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, अमेरिकेत लेडर्ले कंपनीत होते.

बी-१२ हाती लागलं १९४८ ला, लाल स्फटिकांच्या रूपात. त्यात कोबाल्टचा एक अणू असतो, म्हणून कोबालामिन.

तर घंटाळीकर, फॉलिक आणि बी-१२ ही भावंडं एकमेकांच्या कपड्यांत फिरणारी आहेत. विल्सबाईंना परळमध्ये ती वेगळी ओळखू आली. तुमच्या आईच्या बाबतीत एकाने दुसऱ्याची गैरहजेरी लपवली.

घंटाळीकर | बुधवार, सकाळी ८:१५

इंजेक्शनची कुपी लालचुटुक का असते, ते आत्ता कळलं. आई नर्सला विचारत होती, "रक्त देताय का गं?"

एकविसावा_मजला | बुधवार, दुपारी ४:००

ड वर कुणीच बोलत नाहीये. घोडबंदरला राहतो, घर पूर्वेला, सकाळी दिवाणखाना उन्हाने भरतो. मी रोज काचेच्या दाराशी पेपर वाचत तासभर बसतो. तरी माझं ड ११!

नळी_आणि_सुई | बुधवार, रात्री ९:३०

काच बंद असते ना? उन्हातले जे अतिनील-ब किरण त्वचेत ड तयार करतात, ते काचेतून येत नाहीत. तुम्हाला ऊब मिळते, पेपर मिळतो, ड नाही.

आणि कोवळं ऊनही तितकंसं कामाचं नाही, आजीला वाईट वाटेल. त्या वेळी हे किरण फार थोडे पोचतात. साधी खूण: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन. त्वचेत बनलेलं ड आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात पक्कं होतं. मग आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट ओढून घेतं. लहानपणी कमी पडलं की मुडदूस, मोठेपणी हाडं दुखणं.

आणि पुड्यांबद्दल: ६०,००० युनिटची ती पुडी *आठवड्याला* एक असते, तीही सांगितलेले आठवडेच. एका गृहस्थांनी दीड महिना रोज घेतली. उलट्या, सतत तहान, भ्रम, कॅल्शियम आभाळाला. ब आणि क जास्त झाले तर बहुतेक लघवीवाटे जातात (बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर पिवळीजर्द होते ती रायबोफ्लेविनची कृपा). अ, ड, ई, के चरबीत विरघळतात, अंगात साठून राहतात. त्यात अ आणि ड यांचा अतिरेक जास्त घातक. गरोदरपणी "अ" च्या गोळ्या आपल्या मनाने घेणं तर बाळाला धोक्याचं.

संशयात्मा | गुरुवार, सकाळी १०:१०

सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे. आमच्या आजीने उभ्या आयुष्यात बी-१२ मोजलं नाही, ९१ वर्षं जगली.

शेपूची_भाजी | गुरुवार, सकाळी १०:४०

आजी भात कुठला खायच्या?

संशयात्मा | गुरुवार, सकाळी ११:०२

उकड्या तांदळाचा. राजापूरच्या. का?

शेपूची_भाजी | गुरुवार, सकाळी ११:१५

मास्तरांच्या कोंबड्या आठवा. साळ उकडली की कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत मुरतं, मग कांडताना तितकं जात नाही. सकाळची पेज म्हणजे भाताचं पाणीही पोटातच. आजींनी मोजलं नाही कारण त्या रोज खात होत्या. आपण पांढराशुभ्र तांदूळ चार पाण्याने धुतो आणि मग गोळी विकत घेतो.

नळी_आणि_सुई | गुरुवार, दुपारी २:००

संशयात्मा, अर्धं बरोबर आहे तुमचं. "संपूर्ण शरीर तपासणी"च्या पॅकेजमध्ये सतरा आकडे काढायचे आणि त्यातला एक लाल आला की घाबरायचं, हे मलाही पटत नाही. धडधाकट माणसाचं ई मोजायला कारण लागतं. ते तेलबियांत, शेंगदाण्यात असतं, पेशींच्या पडद्यांचं गंजण्यापासून रक्षण करतं, सहसा कमी पडत नाही. पण सत्तरीची बाई, मेटफॉर्मिन, पायाला मुंग्या, तिथे बी-१२ बघायलाच हवं.

उलटही सांगते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेता आणि आम्हाला सांगत नाही. त्याने थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात. मग आजार नसताना पळापळ.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, रात्री ८:२०

नायसिन राहिलं. नुसत्या ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दख्खनच्या मजुरांत ते कमी पडून होणारा पेलाग्रा दिसे: गळ्याभोवती काळपट, सोलवटलेली त्वचा, जुलाब, मग भ्रम. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर काम केलं आणि ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. भाकरीवाल्यांनी घाबरू नये, सोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की पुरे. आमच्या आईची भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशिवाय नसायची.

नेरूळची_सून | शुक्रवार, सकाळी ९:००

अण्णांना धागा वाचून दाखवला. त्यांनी कागद बदलला: "के (काना-मात्रेसकट). पालक: बुधवार, शनिवार, एक वाटी." पेरू परत सुरू.

घंटाळीकर | पाच महिन्यांनंतर, रविवार, सकाळी ९:५०

धागा वर काढतोय.

आईची इंजेक्शनं झाली, आता गोळी आहे. मेटफॉर्मिन चालूच आहे. ॲसिडिटीची डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. पहिले दोन महिने काही फरक नाही, उलट मुंग्या जास्त वाटायच्या, ती वैतागली होती. बी-१२ आता ६१०. डाव्या अंगठ्याचा बधिरपणा आहेच, डॉक्टर म्हणाले तेवढा राहीलही कदाचित, उशीर झाला होता.

आज कचराळीला दुसऱ्या फेरीत मध्येच थांबली. म्हणाली, "अरे, चपलेत खडा गेलाय बघ." वाकून काढला. तांदळाएवढा होता.